सूटकेस फीडर आणि वाऱ्याचं तोंड

मी आज जो कोणी आहे तो माझ्या आत्यामुळे. वडिलांची ही थोरली बहीण तालुक्याच्या गावी एका खोलीत एकटी राहायची आणि बायकांची ब्लाउजं शिवून स्वतःचं चालवायची. आमच्या गावातली शाळा सातवीला संपत होती. पुढे काय, हा प्रश्न घरात कोणी मोठ्याने विचारायच्या आतच आत्या एसटीने आली, माझे कपडे एका पिशवीत भरले आणि मला घेऊन गेली. आठवीपासून पुढे मी तिच्या खोलीत, शिलाई मशीनच्या पलीकडच्या कोपऱ्यात वाढलो.

तिचं स्वतःचं शिक्षण चौथीपर्यंत. पण रोज संध्याकाळी मशीनवरचा पाय न थांबवता ती विचारायची, "आज काय शिकलास? मला कळेल असं सांग." गुरुत्वाकर्षण, चक्रवाढ व्याज, लोलकातून फुटणारा प्रकाश, सगळं मी तिला सांगितलेलं आहे. एकदा कंटाळून म्हणालो, "तुला नाही कळायचं गं हे." ती म्हणाली, "म्हणजे तुलाच अजून कळलेलं नाही. जा, परत वाच." मी परत वाचलं. आमच्या सगळ्या भाऊबंदांत पदवी मिळवणारा मी पहिला. मेकॅनिकल इंजिनियर झालो. निकाल लागला त्या दिवशी आत्याने पेढे वाटले आणि भेटेल त्याला सांगितलं की पोरगा यंत्रांचं शिकलाय. कसली यंत्रं, असं कोणी विचारलं की म्हणायची, "सगळी."

नव्वदच्या दशकात मुंबईत एका हॉटेलच्या हॉलमध्ये मुलाखत देऊन मी दुबईला आलो. कंपनी लोखंडी टाक्या आणि पाइपांची कामं करायची. यार्ड दुबईतच रास अल खोरला, राहायची सोय शारजापलीकडच्या अजमानला. पहाटे कंपनीची बस आम्हाला उचलायची. शारजाची वाहतूक ओलांडून यार्डात पोचेपर्यंत उजाडलेलं असायचं. सहा महिने प्रोबेशन होतं. त्या काळात कंपनीला पसंत पडलो तर राहायचं, नाहीतर परतीचं तिकीट. आत्याला मी प्रोबेशनबद्दल लिहिलं होतं. तिने उत्तर दिलं, "म्हणजे चाचणी परीक्षा. तू चाचणीत कधी नापास झालेला नाहीस." तिच्या या विश्वासाचं मला कधी बळ वाटायचं आणि कधी ओझं.

यार्ड मॅनेजर इजिप्शियन होता. जाडजूड, मोठ्या आवाजाचा. सगळ्यांना हबीबी, म्हणजे लाडक्या म्हणायचा, झापतानासुद्धा. फोरमन मात्र आपल्याकडचा, रत्नागिरी जिल्ह्यातला मुसलमान गृहस्थ. सगळं यार्ड त्यांना चाचा म्हणायचं. पहिल्याच दिवशी माझी मराठी ऐकून ते म्हणाले, "चला, आता शिव्या तरी आपल्या भाषेत देता येतील." त्यांचं कुटुंब अजमानलाच राहायचं. शुक्रवारी ते मला जेवायला बोलवत. त्यांची शाळेत जाणारी मुलगी त्यांच्या प्रत्येक प्रश्नाला इंग्रजीत उत्तर द्यायची आणि चाचा मला म्हणायचे, "बघ, मी बोलतो आंब्याचं, ती देते सफरचंद."

आमचं बहुतेक वेल्डिंग तेव्हा रॉडने चालायचं. होल्डरमध्ये रॉड धरायचा, तो जळून बोटाएवढा उरला की फेकायचा, वरची राख ठोकून काढायची आणि नवा रॉड लावायचा. लांब जोड असला की हे दिवसभर चालायचं. शेडमध्ये वायरचं वेल्डिंग करणारी मोठी मशीनं होती, त्यांत रॉड बदलावा लागत नाही, वायर आपोआप पुढे येत राहते. पण त्यांचा वायर पुरवणारा भाग चाकांच्या गाडीवर बसवलेला. त्याला स्वतःची वीज वेगळी लागायची, मागे केबलींचा जाड जुडगा असायचा. टाकीच्या मॅनहोलमधून, म्हणजे माणूस वाकून शिरेल एवढ्या भोकातून, तो आत जाणं शक्यच नव्हतं. म्हणजे टाकीच्या आतले जोड रॉडनेच करायचे.

शारजाच्या एका विक्रेत्याकडे मी सूटकेस फीडर, म्हणजे वायर पुरवणारी हातात उचलता येणारी पेटी, पाहिला आणि माझ्या मनाने घेतलं की हा आपल्या टाकीत उतरवायचा. मी दोन पानांची शिफारस लिहिली. मॅनेजरने ती पुरी वाचली नसावी. त्याने एवढंच विचारलं, "काम लवकर होईल?" मी म्हणालो, "निम्म्या वेळात." तो म्हणाला, "लिहून दे, खाली सही कर." मी सही केली. विक्रेत्याने दोन फीडर चाचणीसाठी आणून ठेवले.

नावाप्रमाणेच ती पेटी प्रवासी बॅगेसारखी होती. वर मूठ, बाजूला उघडणारं झाकण. मॅनहोलमधून आडवी करून आत ढकलता यायची. आत्याला पत्रात ती समजावताना मला फार कष्ट पडले नाहीत, कारण आतला संसार जवळजवळ तिच्या मशीनसारखाच होता. दोऱ्याच्या रिळाऐवजी वायरचं रीळ. एक छोटी मोटर दोन खाचेदार चाकं फिरवते, त्या चाकांच्या चिमटीत धरलेली वायर एका लांब नळीतून बंदुकीसारख्या दांड्यापर्यंत ढकलली जाते. वेल्डरने घोडा दाबला की एकाच वेळी दोन गोष्टी होतात. वायर चालू लागते आणि झडप उघडून गॅस येतो. वायर लोखंडाला टेकली की ठिणगी पेटते आणि वायरच वितळून जोडात भरत जाते. गॅसचं काम त्या वितळलेल्या धातूवर पांघरूण धरायचं, म्हणजे हवा त्यात शिरत नाही.

या पेटीची खरी हुशारी विजेत होती. तिला वेगळा प्लग लागायचा नाही. यार्डातल्या डिझेल वेल्डिंग मशीनवरून वेल्डिंगची एकच जाड केबल पेटीत यायची. पेटीतून एक बारीक तार निघायची, तिच्या टोकाला चिमटा. तो चिमटा टाकीच्या उघड्या लोखंडाला लावायचा. केबल आणि चिमटा यांच्यामध्ये जो व्होल्टेज मिळतो त्यावरच मोटर चालायची. मी वेल्डरांना पहिल्या दिवशी तो चिमटा रंगावर लावून दाखवला. मशीन गप्प. रंग खरवडून लावला, मशीन बोललं. चाचा म्हणाले, "नवी नवरी आहे. जमिनीला पाय टेकल्याशिवाय बोलत नाही."

दोन फीडरांसाठी वेल्डरही दोघे निवडले. त्यांतला मुख्य बिहारमधल्या सिवानकडचा होता. त्याच्या हाताखाली अनेक जण तयार झालेले, म्हणून सगळे त्याला उस्ताद म्हणत. दुसरा त्याचाच जोडीदार. या दोघांना मी शेडमध्ये आठवडाभर शिकवलं. पहिली गोष्ट सांगितली ती जिवाची. आमच्या पेटीत वीज तोडणारा आतला स्विच नव्हता. त्यामुळे डिझेल मशीन चालू असेपर्यंत बंदुकीच्या तोंडाशी आलेली वायर जिवंतच असायची, घोडा दाबलेला असो की नसो. रॉडवाल्यांना सवय असते की रॉड काढला आणि होल्डर कुठेही टाकला. इथे वायर कायम बाहेर डोकावत असते. टाकीवर टेकली की ठिणगी उडणार, आणि घामाने भिजलेला हात लागला तर माणूसच जायचा. म्हणून मी लाकडाचे आकडे करून घेतले. हातातली बंदूक खाली ठेवायची नाही, आकड्याला टांगायची. हातमोजे कोरडे हवेत, भिजले की बदलायचे, त्यासाठी स्टोअरमधून जादा जोड्या मागून घेतल्या. रीळ बदलताना आधी डिझेल मशीन बंद. पेटीचं झाकण उघडं ठेवून चाकं फिरवायची नाहीत, हातमोज्याचं टोक चिमटीत गेलं तर मागून बोट जातं. नवी वायर नळीतून बाहेर काढताना बंदुकीचं तोंड स्वतःकडे किंवा दुसऱ्याकडे करायचं नाही. गॅसचं सिलिंडर टाकीबाहेरच राहणार आणि चहाला बाहेर पडताना त्याची झडप बंद होणार.

उस्ताद सगळं ऐकून म्हणाला, "साहब, इतना तो शादी में भी नहीं समझाते."

"शादी में करंट नहीं होता," मी म्हणालो.

"आपकी हुई नहीं अभी."

शेड हसलं. मीही हसलो. पण दुसऱ्या दिवशी उस्तादने स्वतः बंदूक लाकडी आकड्याला टांगली आणि जोडीदाराची खाली पडलेली पाहून त्याला दोन शब्द सुनावले, तेव्हा मला जे वाटलं ते कॉलेजच्या गुणपत्रिकेने वाटलं नव्हतं.

चाकांच्या दाबाचं शिकायला त्यांना वेळ लागला नाही. दाब कमी असला तर वायर अडखळते. फार आवळला तर पोकळ, आत पूड भरलेली आमची वायर चेपते आणि पुढे अडकून पेटीत गुंतवळ होतं. लाकडाच्या ठोकळ्यावर वायर टेकवून घोडा दाबायचा, वायर अडली की चाकं जराशी घसरली पाहिजेत, एवढाच दाब ठेवायचा. दमट हवेत वायरला रात्रीतून गंज चढतो, म्हणून काम संपलं की रीळ काढून स्टोअरमधल्या बल्ब लावलेल्या कपाटात जायचं.

मग आम्ही टाकीत उतरलो. उन्हाळा सुरू झाला होता. आडवी, लांब टाकी. एका टोकाला खाली मॅनहोल, दुसऱ्या टोकाला वरच्या बाजूला एक. खालच्या मॅनहोलबाहेर मोठा ड्रमसारखा पंखा, त्याला जोडलेला कॅनव्हासचा जाड नळा आत गेलेला. नळ्याच्या तोंडातून आत वारा यायचा. बाहेर एक माणूस कायम बसवलेला, आतल्यांवर लक्ष ठेवायला. हवेतला ऑक्सिजन मोजणारं मीटर मी स्वतः सकाळ-दुपार आत फिरवायचो.

ग्राहकाच्या इन्स्पेक्टरसाठी पहिला तुकडा टाकीतच जोडून दाखवला. मी शेजारी उभा होतो. एक्स-रे फिल्म स्वच्छ आली. मी अजमानला परतताना बसमध्ये मान ताठ करून बसलो होतो. मग खरा जोड सुरू झाला आणि त्याच्या फिल्मवर काळे ठिपके आले. धातूत अडकलेल्या हवेची छिद्रं. तो भाग खोदून काढला, पुन्हा भरला. पुन्हा ठिपके. गंमत अशी, की मी जिथे जिथे उभा राहिलो होतो तेवढाच भाग स्वच्छ.

मी गॅसचा दाब तपासला. बंदुकीचं टोक बदललं. वायरचं नवं रीळ फोडलं. नळीचे सांधे साबणाच्या पाण्याने बघितले. काही नाही.

मॅनेजरने फिल्म खिडकीला धरून पाहिली. "तू असलास की चांगलं, नसलास की वाईट," तो म्हणाला. "म्हणजे माझे वेल्डर आळशी आहेत, किंवा तुझं मशीन नखरेल आहे. मला मशीनसाठी पोलीस ठेवायचा नाही."

"वेल्डर आळशी नाहीत," मी म्हणालो.

"मग मशीन. एक जोड अजून देतो, हबीबी. तो खराब झाला तर पेट्या शारजाला आणि तू बॉम्बेला. प्रोबेशन आहे ना? खलास."

उस्तादलाही हे कळलं. तो माझ्याशी दोन दिवस नीट बोलला नाही. शेवटी म्हणाला, "साहब, मेरा काम आज तक किसी ने काट के नहीं फेंका था."

शुक्रवारी चाचांकडे जेवताना मी भात नुसता चिवडत होतो. चाचा माशाचे काटे काढत म्हणाले, "मशीनला तुझी सवय लागली इंजिनियर. तू गेलास की रुसतं. तू तिथेच गादी टाक." त्यांच्या बायकोने त्यांना डोळ्यांनी गप्प केलं आणि माझ्या ताटात अजून एक तुकडा वाढला. घरी जाऊन मी कोरा कागद घेतला आणि आत्याला पत्र लिहायला बसलो. तिला कळेल असं सांगायचं, म्हणून मी आत उभा असतो तेव्हा काय काय असतं ते लिहायला लागलो. वेल्डर तोच, वायर तीच, गॅस तोच. आणि मी. पाचवं काही सुचेना. पत्र अर्धं राहिलं, कारण मला स्वतःलाच कळलेलं नव्हतं.

शनिवारी सकाळी मी टाकीत उतरलो, खोदून काढलेल्या भागातला हातभर जोड माझ्यासमोर पुन्हा झाला, सुरेख झाला. मी मॅनहोलमधून बाहेर पडलो आणि चार पावलं गेल्यावर आठवलं की टॉर्च आतच राहिला. वाकून पुन्हा आत डोकं घातलं. उस्तादचा जोडीदार कॅनव्हासचा नळा उचलत होता. मी होतो तोवर नळ्याचं तोंड माझ्या जागेकडे होतं. आता तो ते वळवून उस्तादच्या पाठीवर सोडत होता. वारा उस्तादच्या खांद्यावरून थेट बंदुकीच्या तोंडावर जात होता. मला पाहताच जोडीदाराने घाईने नळा पुन्हा माझ्याकडे वळवला.

"आइए साहब, हवा लीजिए."

मी विचारलं, "ये पाइप मेरे आने पर ही इधर करते हो?"

"हाँ साहब. आप पढ़ने-लिखने वाले आदमी. आपको इतनी गर्मी की आदत नहीं."

उस्तादने हेल्मेट वर केलं आणि मान डोलावली. त्याला त्यात विशेष काही वाटत नव्हतं. घरी आलेल्या माणसाकडे पंखा वळवावा, तसं त्यांनी केलं होतं. इतके दिवस मला वाटत होतं, टाकीत हवा छान खेळते.

मी टाकीतच खाली बसलो आणि हसू लागलो. त्या दोघांना वाटलं, साहेबांना उष्णता चढली.

चाचांना हाक मारून आत बोलावलं. खुणा करायच्या सोपस्टोनची पूड चिमटीत घेऊन जोडापाशी सोडली. नळा पाठीवर असताना पूड क्षणात उडून गेली. नळा बाजूला केल्यावर ती सरळ खाली पडली. मग दोन छोट्या पट्ट्यांवर उस्तादला दोन वेल्ड टाकायला लावले, एक वाऱ्यात, एक वाऱ्याशिवाय, आणि दोन्ही हातोड्याने मोडल्या. वाऱ्यातल्या पट्टीच्या पोटात जाळी पडली होती.

"हा तर आंबोळीसारखा झाला," चाचा म्हणाले.

गॅसचं पांघरूण वारा उडवून नेत होता. रॉडच्या कामात त्यांनी वर्षानुवर्षं पाठीवर पंखा घेतला होता, आणि तिथे ते बरंचसं खपून जायचं, कारण रॉडचा लेप जळून वर राखेचा थर बसतो, आणि तो वाऱ्याने उडत नाही. उस्तादने मोडलेली पट्टी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "तो कसूर मेरे हाथ का नहीं."

"तुम्हारे हाथ का नहीं," मी म्हणालो. "तुम्हारी मेहमाननवाज़ी का."

कारण सापडलं, पण त्याने काम सुटलं नाही. वारा बंद करा, एवढं सांगून मला मोकळं होता येत नव्हतं. हा गॅस हवेपेक्षा जड. बंद टाकीत तो तळाशी साचत जातो आणि तिथली चांगली हवा हुसकावून लावतो. वाकून काम करणाऱ्याला ते कळतही नाही. वर ती उष्णता. वारा असला तर जोड फुकट, नसला तर माणूस धोक्यात. मॅनेजरला यातलं काही सांगायच्या आधी मला त्याचं उत्तर हवं होतं.

उत्तर पंख्याचंच होतं. तो आत वारा ढकलत होता. त्याला उलटा बसवला तर तो आतली हवा ओढून बाहेर टाकेल. नळ्याचं तोंड जोडापासून लांब, टाकीच्या तळाशी ठेवायचं, म्हणजे साचणारा जड गॅस तिथूनच बाहेर जाईल आणि पलीकडच्या टोकाच्या वरच्या मॅनहोलमधून ताजी हवा आपोआप हळूहळू आत येईल. हवा बदलत राहील, पण जोडावर झोत येणार नाही.

चाचांनी पंखा फिरवून बसवला, चालू केला, आणि कॅनव्हासचा नळा रिकाम्या पिशवीसारखा चिकटून बसला. ढकलणाऱ्या हवेने फुगणारा नळा ओढणाऱ्या हवेने मिटणारच. त्याला आतून सांगाडा हवा होता. तसे तयार नळे मिळत, पण मागवून यायला वेळ लागणार होता आणि मॅनेजरने दिलेला तो शेवटचा जोड दुसऱ्या दिवशी करायचा होता. चाचांनी पातळ सळईची कडी वाकवून दिली. ती कडी कॅनव्हासमध्ये बसवायची कशी, यावर तिघे-चौघे बोलत राहिले. कोणी म्हणालं वायरने बांधा, कोणी म्हणालं टेप लावा.

मी स्टोअरमधून सुतळी आणि गोणपाटाची सुई मागवली आणि शेडच्या सावलीत मांडी घालून नळा शिवायला बसलो. पट्टी दुमडून तिच्यात कडं घालायचं आणि दोन्हीकडून टाका मारायचा. ब्लाउजच्या गळ्याची पायपिंग अशीच घालतात. ते माझ्या हाताला माहीत होतं. आत्याच्या खोलीत दिवाळीच्या आधीच्या गर्दीत हातशिलाई माझ्याकडे असायची. वेल्डर भोवती जमले.

चाचांनी वाकून टाका पाहिला. "कॉलेजात हे पण शिकवतात काय?"

"नाही चाचा, हे आधीच शिकून गेलो होतो."

तेवढ्यात मॅनेजर आला. आपला इंजिनियर जमिनीवर बसून शिवतोय हे पाहून तो थांबला. मी सुई न थांबवता त्याला सगळं सांगितलं, त्याला कळेल असं. त्याने नळा हाताने दाबून पाहिला. तो दबला नाही. "यल्ला," म्हणजे चला, एवढंच म्हणाला आणि गेला. यार्डात कोणी माझी थट्टा केली नाही. खरं सांगायचं तर केली असती तरी चाललं असतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या दोन्ही शिक्षणांचा एकाच वस्तूला उपयोग झाला होता.

उस्ताद मात्र नाराज होता. पाठीवरचा वारा त्याच्या दृष्टीने मजुरीचाच भाग होता, आणि मी तो काढून घेत होतो. मी चाचांना मध्ये घातलं. ठरलं असं की काम पहाटे सुरू करायचं, दोघांनी पाळीपाळीने आत जायचं, बाहेर आलेल्याने सावलीत पंख्यासमोर बसायचं, लिंबू-मीठ घातलेलं पाणी भरपूर. मीटरने हवा थोडी जरी वाईट दाखवली तर काम थांबणार, मग जोड अर्धा राहिला तरी चालेल.

"और आप?" उस्तादने विचारलं.

"मैं अंदर बैठूँगा. जब तक जोड़ चलेगा."

"बिना हवा के?"

"बिना हवा के."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "फिर ठीक है," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी मीटर गळ्यात अडकवून आत बसलो. नळ्याचं तोंड तळाशी, धूर हळूच त्याच्याकडे सरकताना दिसत होता. उष्णता होतीच. घाम डोळ्यांत उतरत होता. पण मीटरचा काटा जागचा हलला नाही आणि वायरचा आवाज एकसारखा, तव्यावर काहीतरी तळत असावं तसा येत राहिला. त्या आवाजावरूनच मला कळत होतं की जोड चांगला होतोय. दुपारी जेवणानंतर मीटर देऊन चाचांना माझ्या जागी बसवलं आणि उस्तादला सांगून मी मुद्दाम शेडमध्ये जाऊन बसलो. मी नसताना काय होतं, तेच तर बघायचं होतं.

फिल्म आल्या तेव्हा इन्स्पेक्टर, मॅनेजर, चाचा आणि मी ऑफिसात होतो. इन्स्पेक्टर एकेक फिल्म दिव्याच्या पेटीवर ठेवत गेला आणि बाजूला करत गेला. शेवटची ठेवून म्हणाला, "पुढचा जोड कधी?" मॅनेजरने माझ्या पाठीवर असा हात मारला की माझा चष्मा नाकावर सरकला. चाचा बाहेर जाऊन उस्तादला सांगून आले. उस्तादने खिडकीतून माझ्याकडे पाहिलं, लाकडी आकड्याला बंदूक टांगली आणि सलाम केला. मी उठून उभा राहिलो आणि त्याला सलाम केला.

पेट्या परत गेल्या नाहीत. पुढे यार्डात अशा बऱ्याच पेट्या आल्या. वीज तोडणारा स्विच असलेल्या नव्या पेट्या मी आग्रहाने मागवल्या. तरीही लाकडी आकडे राहिले. पंख्यांना आतून कडी असलेले नळे आले. पुढे दुसऱ्या कंपन्यांतही काम केलं, आणि कुठल्याही टाकीत शिरलो की वारा कुठून येतोय हे आधी पाहिलं. माझं प्रोबेशन संपलं त्या आठवड्यात दुबईतल्या करामा भागातल्या एका दुकानातून मी निळे आंतर्देशीय वाटावेत असे पातळ कागद घेतले आणि अर्धं राहिलेलं पत्र फाडून नवं लिहिलं. आत्याने ते जपून ठेवलं होतं, म्हणून ते जसंच्या तसं देता येतं.

"प्रिय आत्या,

तुझी तब्येत बरी असेल, गुडघा जास्त दुखत नसेल, असं धरून चालतो. नसेल तसं तर खरं कळव.

माझी चाचणी परीक्षा संपली. कंपनीने मला कायम केलं. मध्ये काही दिवस असे गेले की मी परत येईन असं वाटत होतं, ते तुला लिहिलं नाही, कारण काय चुकतंय ते मलाच सांगता येत नव्हतं. आता सांगता येतं. वितळलेल्या लोखंडावर गॅसचं पांघरूण असतं आणि आमच्या लोकांचा पंखा ते उडवून नेत होता. मी पंखा उलटा बसवला, तो हवा ओढायला लागला, पांघरूण जागेवर राहिलं आणि माणसंही नीट राहिली. एवढंच होतं. पण ते मी शोधलं, आत्या. कोणाच्या पुस्तकातून काढलं नाही.

टाकी काल ट्रेलरवर चढून गेली. आम्ही सगळे फाटकापर्यंत तिच्याबरोबर चालत गेलो. उस्तादने तिच्यावर हात थोपटला. ती वाळवंटात कुठेतरी उभी राहील आणि तिच्यात तेल भरलं जाईल. गळणार नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

पुढच्या आठवड्यात नवे वेल्डर येणार आहेत. त्यांना हे मशीन शिकवायचं काम मॅनेजरने माझ्याकडे दिलंय. तो म्हणाला, तू शिकवलेले लोक सुरक्षित राहतात. इथे आल्यापासून मला मिळालेलं हे सगळ्यात मोठं सर्टिफिकेट आहे, आणि ते कागदावर नाही, म्हणून तुला पाठवता येत नाही.

एक गोष्ट पाठवता येते. कंपनीने माझ्या नावाची कार्डं छापली आहेत. नावाखाली इंग्रजीत ‘वेल्डिंग इंजिनियर’ असं लिहिलंय आणि मागच्या बाजूला तेच अरबीत. एक कार्ड या पत्रात ठेवलंय. सगळ्यांना दाखवत फिरू नकोस, असं लिहिणार होतो. पण दाखव."